तडकलेली डाळिंबं, सुकलेली गाजरं : उरलेल्या मालाचं घरगुती व्हिनेगर

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेचा गड्डा भरतो त्या सुमाराला सोलापूरच्या बाजारात मृग बहराची (पावसाळ्याच्या तोंडावर फुललेली) डाळिंबं येत असतात. त्यांच्याबरोबर तडकलेली, डागी, बारकी फळंही येतात आणि ती मिळेल त्या भावाला जातात. मंडईत संध्याकाळी गाजर, बीट, टोमॅटो, गोल्टी कांदा यांचीही हीच गत होते. या मालात साखर असते, आणि साखर असलेल्या कुठल्याही रसाचं पुढे काय होऊ शकतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच ‘यापासून घरी दारू गाळता येईल का’ हा प्रश्नही वारंवार येतो.

त्याचं उत्तर आधीच देऊन टाकू. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू गाळणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती विकायला असो की घरी प्यायला. कायदा बाजूला ठेवला तरी घरच्या शेगडीवर अल्कोहोलची वाफ धरणं म्हणजे आगीशी खेळ आहे. फळभाज्यांच्या सालीगरातल्या पेक्टिनपासून थोडं मिथेनॉलही तयार होतं, आणि गाळताना ते कुठे किती साठलं हे नाकाला किंवा जिभेला कळत नाही. त्यामुळे गाळणं या लेखात नाही. त्याच रसाला दुसऱ्या वाटेने नेलं तर उत्तम व्हिनेगर होतं, आणि ते कसं करायचं हेच पुढे सविस्तर दिलं आहे.

आत काय घडतं

व्हिनेगर दोन टप्प्यांत होतं. पहिल्यात यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. या टप्प्याला हवा नको. दुसऱ्यात ॲसिटिक जीवाणू त्या अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात, आणि त्यांना हवेशिवाय एक पाऊल पुढे टाकता येत नाही. घरी बिघडलेल्या बरण्यांपैकी बहुतेकींची कहाणी इथेच संपते. जिथे झाकायचं तिथे उघडं ठेवलेलं असतं, नाहीतर जिथे उघडं हवं तिथे झाकण घट्ट लावलेलं असतं. ‘सगळं एकदम बरणीत टाका, फडकं बांधा आणि दोन महिने विसरा’ ही पद्धत कधी जमते, कधी नाही. जमली तरी आम्लता किती येईल याचा भरवसा नसतो. दोन्ही टप्पे वेगळे ठेवा.

हिशोब सोपा आहे. १०० ग्रॅम साखरेपासून कागदावर सुमारे ६७ ग्रॅम ॲसिटिक आम्ल होतं. घरच्या पद्धतीत गळती धरून ५० ग्रॅमच्या आसपास धरावं. म्हणजे रसातल्या साखरेच्या टक्क्याला दोनने भागलं की व्हिनेगरचा टक्का आला. लोणच्याला चालेल असं ५ ते ६ टक्क्यांचं व्हिनेगर हवं तर रसात १० ते १२ टक्के साखर हवी.

इथेच मालाची निवड ठरते. ‘भगवा’ जातीच्या डाळिंबाचा रस ब्रिक्समापकावर, म्हणजे रसातली साखर साधारण टक्क्यांत दाखवणाऱ्या उपकरणावर, १४ ते १६ दाखवतो, त्यामुळे वरून साखर लागत नाही. हे उपकरण डाळिंब-द्राक्ष बागायतदारांकडे बहुधा असतंच. थेंबभर रस काचेवर टाकून बघायला कोणी नाही म्हणत नाही. बीटात ७ टक्क्यांच्या आसपास साखर, गाजरात ५, टोमॅटोत ३. काकडी, दुधी, कोबी यांत ती इतकी कमी की त्यांचं व्हिनेगर म्हणजे खरं तर तुम्ही घातलेल्या गुळाचं व्हिनेगर. पालेभाज्यांच्या वाटेला जाऊच नका. बटाटा आणि रताळं यांत भरपूर ऐवज आहे, पण तो पिष्टमय. यीस्टला पिष्ट खाता येत नाही. कांदा इथे फसवतो. ब्रिक्समापकावर तो चांगला १० च्या पुढे जातो, पण त्यातला बराच भाग फ्रुक्टान या लांब साखळ्यांचा असतो आणि साधं यीस्ट त्या पूर्ण तोडू शकत नाही. कांद्याचा आकडा निम्माच खरा मानावा.

कुठला माल घ्यायचा, कुठला टाकायचा

सुकलेलं, वाकडं, बारीक, तडकलेलं, ठेचलेलं चालेल. बुरशी आलेलं चालणार नाही, ‘तेवढा भाग कापून’सुद्धा नाही. बुरशीची विषं डोळ्यांना दिसणाऱ्या डागाच्या पलीकडे पसरलेली असतात आणि उकळल्याने जातील याची खात्री नसते.

डाळिंबात ही पारख जरा जास्त करावी लागते. पाण्याचा ताण पडून मग एकदम भरपूर पाणी मिळालं, किंवा बोरॉन कमी पडलं, की फळ तडकतं. असं ताजं तडकलेलं फळ उत्तम. तेल्या रोगाचे डाग असलेल्या फळाची साल काळी तेलकट दिसते. हा जीवाणूंमुळे होणारा रोग झाडाचा आहे, माणसाचा नाही. आतले दाणे टणक, चमकदार असतील तर घ्या. पण तेल्याची भेग जुनी असेल तर तिच्यातून बुरशी आत गेलेली असते, म्हणून प्रत्येक फळ फोडून बघायचं. काही फळं बाहेरून निर्दोष असतात, फक्त वजनाला हलकी लागतात. फोडली की आतला एखादा कप्पा काळा, भुकटीसारखा झालेला असतो. असं फळ पूर्ण टाका. दहा किलोत असं एक फळ रसात गेलं तर त्याची मातकट, कुबट चव शेवटच्या बाटलीपर्यंत सोबत करते.

सामान

पाच लिटरची काचेची बरणी पहिल्या टप्प्यासाठी. दुसऱ्यासाठी रुंद तोंडाची काचेची किंवा चांगल्या प्रतीची चिनी मातीची बरणी, सहा-सात लिटरची. आजीच्या काळातली तडे गेलेली, झिलई उडालेली बरणी नको, जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि आम्ल ते ओढून घेतं. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ, लोखंड या कशालाही रस-व्हिनेगर लागू द्यायचं नाही. उकळायला स्टील चालतं, महिनोन्‌महिने साठवायला नाही.

त्याखेरीज पातळ पंचा किंवा मलमलचं कापड, मत्स्यालयाच्या दुकानात मिळते ती बारीक प्लॅस्टिकची नळी दोन मीटर, ० ते १०० अंशांचा थर्मामीटर, ३ ते ५ दरम्यान नीट फरक दाखवणारी पीएच पट्टी (पीएचचा आकडा जितका कमी तितका रस आंबट), आणि बेकरीचं ड्राय यीस्ट. सोलापुरी टॉवेल झाकायला घेऊ नका. दाट असतो, हवा अडवतो. त्याचं काम पुढे उन्हाळ्यात आहे.

सगळ्यात महत्त्वाचं सामान म्हणजे विरजण. दुकानात ‘मदरसह’ (म्हणजे जीवाणूंच्या पापुद्र्यासह) असं लिहिलेलं, गढूळ, न तापवलेलं ॲपल सायडर व्हिनेगर मिळतं. पहिल्या खेपेला त्याचं एक लिटर लागेल. खर्चिक वाटतं, पण पुढच्या खेपेपासून आपल्याच बरणीतलं वापरायचं असतं. चकचकीत पारदर्शक व्हिनेगर विरजणाला उपयोगाचं नाही, त्यातले जीवाणू एक तर गाळले गेलेले असतात किंवा मारलेले. चायनीजच्या गाडीवरचं सिंथेटिक तर नुसतं पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड आहे, त्यात जीवाणू कधी नव्हतेच.

पाण्याबद्दल एक गोष्ट. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि ताज्या पाण्याला क्लोरीनचा वास असतो. क्लोरीन यीस्टला मारतं. पाणी दहा मिनिटं उकळून, उघड्या पातेल्यात निववून वापरा.

डाळिंबाचं व्हिनेगर

दहा किलो फळांपासून साधारण ४ लिटर रस निघतो. फळाचा वरचा मुकुट कापा, शिरांवर चिरा द्या, हाताने उघडा आणि पाण्याने भरलेल्या मोठ्या पातेल्यात दाणे सोडवा. पांढरा पापुद्रा वर तरंगतो, दाणे तळाशी बसतात. पापुद्रा एकूण एक काढायचा, कारण कडवटपणा तिथेच आहे. दाणे चाळणीत पूर्ण निथळू द्या, नाहीतर साखरेचा टक्का पाण्याने उतरतो.

रस काढताना मिक्सरचा मोह होतो. लावायचाच असेल तर दोन सेकंदांचे दोन झटके, त्याहून जास्त नाही. बी फुटली की टॅनिन उतरतं आणि व्हिनेगर घसा धरतं. दाणे जाड कापडाच्या पिशवीत बांधून परातीत दाबून रस काढणं सगळ्यात चांगलं. कपडे जुने घाला. साली फेकू नका, त्यांचा पिवळा रंग सुतावर पक्का बसतो, आणि या गावात सुताला तोटा नाही. व्हिनेगरात मात्र साल टाकायची नाही.

रस ७५ अंशांपर्यंत तापवा, दोन मिनिटं तिथे ठेवा आणि ३० अंशांच्या खाली निववा. असं केल्याने फळावरचं रानटी यीस्ट आणि नको ते जीवाणू मरतात. सरबत टिकवायला वापरतात ते केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) इथे घालू नका. त्यातलं सल्फाइट रसात राहतं आणि दुसऱ्या टप्प्यात ॲसिटिक जीवाणूंना उठूच देत नाही. ‘दोन महिने झाले, काहीच होत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा केएमएस असतं, किंवा मग टिकवणारे पदार्थ घातलेला बाजारचा डबाबंद रस.

अर्धी वाटी कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि दोन ग्रॅम यीस्ट, म्हणजे सपाट अर्धा चहाचा चमचा, भिजवा. पाणी ३५ ते ४० अंश. बोट बुडवून सुखद वाटलं पाहिजे, चटका नको. पंधरा मिनिटांत वर फेस आला तर यीस्ट जिवंत आहे. नाही आला तर ते पुडकं टाकून द्या, रसात घालून नशीब आजमावू नका. फेसाळलेलं यीस्ट गार रसात ओता, हलवा, बरणी चार पंचमांशच भरा.

आता झाकण. झाकणाला नळीच्या जाडीचं भोक पाडा, नळी एक इंच आत घाला, भोवती मेण किंवा कणीक लावून बंद करा आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा. वायू बुडबुडत बाहेर जातो, हवा आत येत नाही. नळी न लावता झाकण घट्ट केलं तर काय होईल याचा अंदाज असू द्या. ४ लिटर डाळिंबरसातून एकूण दीडशे लिटरच्या आसपास वायू निघतो. काचेची बरणी तेवढा दाब धरत नाही, फुटते.

बारा ते चोवीस तासांत बुडबुडे सुरू होतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ग्लासात अखंड धार लागते, सातव्या ते दहाव्या दिवशी सगळं शांत होतं. २५ ते ३० अंशांत हे वेळापत्रक लागू पडतं. बुडबुडे थांबले म्हणजे साखर संपलीच असं नाही, थंडीने किंवा उष्णतेनेही ते थांबतात. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी तरंगती नळी) १.००० किंवा खाली दाखवत असेल तर साखर संपली. तो नसेल तर चमचाभर चाखून थुंका. गोडी मुळीच लागता कामा नये. गोडी उरली असेल तर बरणी जरा उबेत ठेवून तीन-चार दिवस थांबा. अर्धवट गोड रस दुसऱ्या टप्प्यात नेला तर यीस्ट आणि जीवाणू एकमेकांच्या पायात पाय घालतात. या टप्प्यावरचं द्रव प्यायचं नाही आणि ठेवायचंही नाही. गोडी गेली की त्याच दिवशी पुढे न्यायचं.

दुसरा टप्पा

वरचं द्रव नळीने अलगद काढा, तळाचा चिखलासारखा साका मागे राहू द्या. तो सोबत गेला तर मेलेल्या यीस्टचा वास व्हिनेगरात उतरतो. ४ लिटर द्रवात १ लिटर गढूळ कच्चं व्हिनेगर मिसळा. हे प्रमाण कमी करायचा मोह टाळा. विरजणाचं काम फक्त जीवाणू देणं नाही. त्याने सगळं मिश्रण पहिल्या दिवशीच १ टक्का आम्ल होतं आणि नको त्या यीस्ट-बुरशीला दार बंद होतं. शिवाय अल्कोहोलही ८ टक्क्यांवरून साडेसहाच्या आसपास येतं. ९-१० टक्क्यांच्या वर जीवाणू मरगळतात.

बरणी रुंद हवी, आणि द्रवाची खोली १५ सेंटीमीटरच्या आत. उंच बाटलीत काठोकाठ भरलं तर महिना लागतो तिथे चार महिने लागतात, कारण काम सगळं पृष्ठभागावर चालतं. तोंडावर पंच्याचे दोन पदर, भोवती घट्ट रबर. एक मिलिमीटरची फट राहिली तरी चिलटं आत जातात आणि आठवड्यात अळ्या दिसतात. बरणी कपाटात कोंडू नका, उन्हातही ठेवू नका.

आठव्या-दहाव्या दिवशी टॉर्च घेऊन बाजूने तिरपा प्रकाश टाकून पृष्ठभाग बघा. बरणी हलवायची नाही. दुधावर साय धरायला सुरुवात होते तसा धुरकट, पातळ पापुद्रा दिसेल, कडेला काचेवर किंचित वर चढलेला. पुढच्या पंधरवड्यात तो जाड, गुळगुळीत, जेलीसारखा होतो. हीच मदर. ती नाही दिसली तरी घाबरायचं कारण नाही, वास आंबट चढत असेल तर जीवाणू काम करत आहेत. मदर बुडाली तर वर दुसरी धरते, पण तेवढे दिवस वाया जातात, म्हणून रोज उचलून बघण्याची हौस आवरा.

पापुद्रा कोरडा, सुरकुतलेला, पांढऱ्या पिठासारखा असेल तर ते हवेवरचं यीस्ट आहे. विषारी नसतं, पण अल्कोहोल खाऊन टाकतं आणि चव पाणचट करतं. स्वच्छ चमच्याने काढा आणि आणखी पाव लिटर कच्चं व्हिनेगर घाला. हिरवे, काळे, निळे, लोकरीसारखे केसाळ ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी बरणी पूर्ण ओतून द्या, मदरसकट.

वासांचं म्हणाल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नेलपॉलिशसारखा वास येऊ शकतो. तो इथाइल ॲसिटेटचा असतो आणि अल्कोहोल जास्त किंवा हवा कमी झाल्याची खूण असतो. कापडाचा एक पदर काढा, बरणी मोकळ्या हवेत ठेवा, बहुधा दोन-तीन आठवड्यांत जातो. कुजक्या अंड्याचा वास मात्र पहिल्या टप्प्याचा असतो, उपाशी यीस्टचा. द्रव एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून दोन-तीनदा ओतून तो उडवायचा आणि मगच विरजण घालायचं.

चार ते आठ आठवडे धरा. तयार झालं की लगेच काढणं गरजेचं आहे. अल्कोहोल संपल्यावर हेच जीवाणू स्वतः केलेलं आम्ल खायला लागतात आणि त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करून टाकतात. महिनाभर जास्त उघडं राहिलेलं व्हिनेगर चवीला मवाळ लागतं. ते ‘मुरलं’ म्हणून कौतुक करू नये, ते उतरलेलं असतं.

सोलापूरचा उन्हाळा

ॲसिटिक जीवाणूंना २५ ते ३० अंश आवडतात. ३८ च्या पुढे ते थकतात आणि ४० च्या वर काम जवळपास थांबतं. एप्रिल-मेमध्ये गावात पारा ४२-४३ ला जातो आणि पत्र्याच्या घरात दुपारी त्याहून वर. म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. हस्त बहराची फळं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात. ती घेतली तर दुसरा टप्पा नेमका उन्हाळ्यात सापडतो.

अशा वेळी बरणी पाण्याने भरलेल्या घमेल्यात ठेवा आणि भोवती ओला सोलापुरी टॉवेल गुंडाळा, त्याचं खालचं टोक पाण्यात बुडवून. माठाचंच तत्त्व आहे. हवा कोरडी असल्याने बरणी खोलीपेक्षा पाच-सहा अंश गार राहते. पावसाळी दमट हवेत ही युक्ती चालत नाही, पण तेव्हा तिची गरजही नसते. तोंडावरचं कापड कोरडंच राहिलं पाहिजे. ओलं कापड हवा अडवतं आणि बुरशी धरतं. जानेवारीच्या थंड रात्री उलट करायचं. बरणीच्या बाजूंना चादर लपेटा, तोंड मोकळं ठेवा.

गाजर-बीटाचं व्हिनेगर

इथे दोन अडचणी आहेत, साखर कमी आणि आम्ल जवळजवळ नाही. डाळिंबाचा रस मुळातच आंबट असल्याने बरेचसे नको ते जीवाणू त्यात वाढत नाहीत. गाजर-बीटाच्या काढ्याचा पीएच ६ च्या आसपास असतो आणि ही कंदमुळं मातीतून येतात. मातीतल्या जीवाणूंचे काही बीजाणू उकळूनही मरत नाहीत. म्हणून निवल्याबरोबर आम्ल घालून पीएच ४ च्या खाली आणणं ही या कृतीतली न वगळण्याची पायरी आहे.

दोन किलो गाजर, एक किलो बीट. ब्रशने घासून धुवा, बीट जाड सोला. त्याचा मातकट वास सालीत जास्त असतो आणि व्हिनेगरात तो लपत नाही. किसून ३ लिटर पाण्यात घाला, झाकण ठेवून वीस मिनिटं उकळा, कापडातून पिळा. साधारण ४ लिटर काढा मिळतो. त्यात साखर ३ टक्क्यांच्या आतबाहेर असते. ती १२ वर न्यायला गरम काढ्यातच ४५० ग्रॅम गूळ विरघळवा आणि पुन्हा गाळा, गुळात खडे-काड्या असतातच. काळपट गुळाने चव छान येते पण रंग मातकट होतो. बीटाचा लाल रंग हवा असेल तर त्याऐवजी ४०० ग्रॅम साखर वापरा. हा लाल रंग पुढे महिन्याभरात बराचसा तपकिरीकडे झुकतो. त्याला इलाज नाही.

निवल्यावर चार-पाच लिंबांचा रस घाला, हलवा, पट्टी बुडवा. ४ च्या वर असेल तर आणखी लिंबू. गूळ आम्ल थोडं शोषून घेतो, त्यामुळे गुळाच्या काढ्याला लिंबं जास्त लागतात. पुढचं सगळं डाळिंबासारखं, तेच दोन ग्रॅम यीस्ट, तीच नळी, तेच एक लिटर विरजण.

टोमॅटोला फार कष्ट नाहीत. तो स्वतः आंबट आहे. शिजवून, गाळून, लिटरमागे ९० ते १०० ग्रॅम साखर. कांद्याचा रस आधी झाकण न ठेवता अर्धा तास उकळून उग्र वास उडवायचा, मग लिटरमागे ८० ग्रॅम गूळ, आणि पीएच गाजरासारखाच ४ च्या खाली. कांद्याचं व्हिनेगर पिवळसर आणि चवीला भरीव होतं. कोशिंबिरीपेक्षा रस्स्यात शोभतं.

आम्लता मोजणं

पीएच पट्टीवर २.८ आलं म्हणजे ५ टक्के झालं, असं नसतं. पीएच आणि आम्लाचा टक्का या वेगळ्या गोष्टी आहेत. फळातल्या इतर आम्लांमुळे पातळ व्हिनेगरचाही पीएच खाली दिसू शकतो.

नेमकं मोजायचं तर प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण आणि फिनॉल्फथॅलीन हा रंगसूचक घ्या. हातमोजे आणि चष्मा घाला. १ मिलिलिटर व्हिनेगर ५० मिलिलिटर उकळून निवलेल्या पाण्यात टाका, सूचकाचे दोन थेंब घाला आणि १० मिलिलिटरच्या सिरिंजने द्रावण थेंबथेंब सोडा. हलवल्यावर अर्धा मिनिट टिकणारा फिका गुलाबी आला की थांबा. लागलेल्या मिलिलिटरना ०.६ ने गुणा, तो टक्का. ८.३ लागले तर ५ टक्के. डाळिंबाचा रंग इथे घोटाळा करतो. अल्कली वाढला की तो स्वतःच लालाचा निळसर-राखाडी होतो आणि गुलाबी कधी आला ते कळत नाही. म्हणून पाणी ५० ऐवजी १०० मिलिलिटर घ्या आणि पांढऱ्या कागदावर ग्लास ठेवून बघा.

एवढं नको असेल तर खायच्या सोड्याने तुलना करा. बाटलीवर ४ टक्के लिहिलेलं बाजारचं व्हिनेगर ५० मिलिलिटर घेऊन त्यात पाव-पाव चमचा सोडा टाकत जा, फसफस थांबेपर्यंत. किती चमचे गेले ते लिहा. मग आपलं तेवढंच घ्या. आपल्याला सव्वापट सोडा लागला तर ५ टक्के. अंदाज ढोबळ आहे, पण ३ आणि ५ मधला फरक त्यातून कळतो, आणि कामाचा फरक तोच आहे.

३ टक्क्यांवर अडकलं असेल तर ते फ्रिजमध्ये ठेवून कोशिंबिरीला वापरा, लोणच्यात घालू नका. वरून ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड घालून टक्का चढवण्याचा सल्ला कोणी देतं. ते आम्ल कातडी जाळतं, आणि त्यानंतर तुमच्या बाटलीत आणि गाडीवरच्या सिंथेटिकमध्ये फारसं अंतर उरत नाही.

बाटल्या भरणं

मदर आणि एक लिटर द्रव पुढच्या विरजणासाठी बाजूला काढा. ते मदर बुडेल इतक्या व्हिनेगरात, कापड बांधून ठेवायचं आणि दर महिन्याला थोडं ताजं व्हिनेगर घालायचं.

उरलेलं चार पदरी कापडातून गाळा, बाटल्यांत गळ्यापर्यंत भरा आणि झाकणं सैल ठेवून गरम पाण्याच्या पातेल्यात उभ्या करा. आतलं व्हिनेगर ६५ अंशांवर पोचलं की अर्धा तास तिथेच ठेवा, मग झाकणं घट्ट करा. खिडक्या उघड्या असू द्या, वाफेने डोळे चुरचुरतात. धातूची साधी झाकणं महिन्याभरात गंजतात, प्लॅस्टिकची किंवा बूच वापरा. जिवंत व्हिनेगर हवं असेल तर तापवू नका, पण बाटली काठोकाठ भरा.

लगेच चाखलं तर डोक्यात जाणारं, टोकदार लागेल. दोन महिने अंधारात ठेवलं की धार बसते. डाळिंबाच्या व्हिनेगरात टॅनिनमुळे तळाशी तपकिरी गाळ साठतो, तो न हलवता वरचं ओतून घ्यायचं. पिण्यासाठी घेत असाल तर ग्लासभर पाण्यात दोन चमचे. निव्वळ घेतलं तर दातांचं आवरण झिजतं.

विकायचा विचार असेल तर अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते, आणि व्हिनेगर म्हणवण्यासाठी किमान ३.७५ टक्के ॲसिटिक आम्ल हवं. चारच्या काठावरचं व्हिनेगर बाटलीत उतरत गेलं तर तपासणीच्या दिवशी खाली सापडू शकतं, म्हणून विक्रीचा माल ५ च्या खाली बाटलीत भरू नका.

तापवून भरलेल्या बाटलीतही दोन-तीन महिन्यांनी कधी वर बारीक जेलीचा तुकडा तरंगताना दिसतो. झाकण सैल राहून हवा गेलेली असते, एवढंच. गाळून घ्या आणि ती बाटली आधी संपवा.